वडावरची वार

“घोडीची वार कुठाय?” मी विचारलं.

अंकुश वाघमोड्यांनी वर बोट दाखवलं.

मला वाटलं, माणूस देवाचं नाव घेतोय. घोडी दावणीला मान टाकून उभी होती आणि मालक आभाळाकडे बोट करत होता, म्हणजे त्यानं आशा सोडली असणार. मी चेहरा जमेल तितका गंभीर केला. तेवढ्यात शेजारून आमच्या दवाखान्यातले गुलाबभाई हळूच म्हणाले, “बाई, देव न्हवं. झाड बघा.”

गोठ्याच्या मागे मोठा वड होता. त्याच्या फांद्यांना सात-आठ गाठोडी लोंबत होती. काही गोणपाटाची, काही जुन्या लुगड्याची, पेंढा भरून दोरीनं करकचून बांधलेली. खालच्या अंगाला दोन कावळे बसून त्यातल्या एका गाठोड्याचा विचार करत होते.

म्हैस व्याली की मागून पडलेली वार चिकाच्या झाडाला बांधायची, म्हणजे झाडाच्या चिकासारखं जनावराला दूध फुटतं, ही त्या भागातली जुनी रीत. हे मला गुरांची डॉक्टर म्हणून चार महिन्यांच्या नोकरीत कळलं होतं. घोडीची वारही कुणी झाडाला बांधेल, असं मात्र वाटलं नव्हतं. पण अंकुशरावांच्या घरात घोडी पहिल्यांदाच आली होती, आणि तिच्याशी कसं वागायचं याचं त्यांच्यापाशी एकच पुस्तक होतं. ते म्हशीचं.

नऊ म्हशींचा धनी माणूस. दूध डेअरीला घालून सुखात होता. मग एका हिवाळ्यात सोबत्यांबरोबर सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा बघायला गेला आणि बघता बघता गाभण घोडी घेऊन आला. पांढरी, डाव्या कानाशी तांबूस ठिपका, नाव मैना. ट्रकमध्ये पेंढ्यावर उभी करून आणली. गावानं तेव्हापासून त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. सकाळी डेअरीवर कॅन घेऊन गेले की कुणीतरी विचारायचंच, “अंकुशराव, घोडीला फॅट किती लागलं?” अंकुशराव हसायचे आणि घरी येऊन घोडीला सरकी पेंड चारायचे. त्यांची बायको सगुणा हे सगळं बघायची. तीही हसायची, पण घोडीला खरारा करायचा ब्रश तिनं चुलीमागे स्वतःच्या कोनाड्यात ठेवला होता.

आता त्या घोडीला एकशे चार ताप होता. अंगाखालून घाण वास येत होता. चारा तिनं कालपासून तोंडात धरला नव्हता. मी वाकून तिच्या पुढच्या खुरांना हात लावला, तर दोन्ही खूर गरम लागले. दीड दिवसाचं शिंगरू तिच्या कासेला ढुशा देत होतं, थांबत होतं, आमच्याकडे बघत होतं आणि पुन्हा ढुशा देत होतं. कासेत काही उतरत नव्हतं.

“कधी व्याली?”

“परवा रातच्याला. एकदम झकास. डॉक्टर नगं का काय नगं. सकाळी बघतुय तर पिल्लू हुबं.”

“आणि वार?”

“ती ऱ्हायली लोंबत. म्हटलं पडंल सावकाश. म्हशीची काय लगीच पडती व्हय? काल दुपारपातूर वाट बघितली. मग जरा वजन बांधलं.”

“कसलं वजन?”

अंकुशरावांनी सगुणाकडे बघितलं. सगुणानं जमिनीकडे बघितलं.

“ईट,” ते म्हणाले. “येकच. लहान.”

आमच्या कॉलेजात घोड्यांचं शिकवणारे एक सर होते. ते वर्गात सारखं सांगायचे, म्हशीची वार म्हणजे दिवसभराचा पाहुणा, पण घोडीच्या वारेला तीन तासांच्या वर घरात ठेवू नका. तीन तासांत नाही पडली तर धावत सुटा. ओढू तर मुळीच नका, कारण ओढली की आतल्या टोकाचा तुकडा तुटून राहतो, तो तुकडा सडतो, विष अंगभर जातं आणि शेवटी खुरांत उतरतं. खूर धरले की घोडी उभी राहत नाही. उभी न राहणारी घोडी फार दिवस जगत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. या विषयात मला पासष्ट मार्क होते. पण आजारी घोडीला हात लावायची ही माझी पहिलीच वेळ होती, आणि हे त्या अंगणात मला सोडून फक्त गुलाबभाईंना ठाऊक होतं.

गुलाबभाई मुलाणी म्हणजे आमच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यातले पट्टीबंधक. किडकिडीत, खाकी शर्ट, मेंदी लावलेली दाढी, सव्वीस वर्षांची नोकरी. माझ्याआधी सात डॉक्टर आपण हाताखालून काढले, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या सातांपैकी पाचांनी बदली मागून घेतली, असं मी सांगत असे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “बाई, म्हैस कंच्या बाजूनं चावती ठावं हाय का?” मी बराच विचार करून “समोरून” म्हणाले होते. ते म्हणाले, “चावत न्हाई. पर तुमी इचार चांगला केलासा.”

“अंकुशराव,” मी म्हणाले, “वारेचा तुकडा आत राहिलाय. पिशवी धुवून काढावी लागेल. नळी घालून, मिठाच्या कोमट पाण्यानं.”

“आत?” अंकुशराव दोन पावलं सरकून माझ्या आणि घोडीच्या मध्ये उभे राहिले. “आत हात घालायचा न्हाई.”

“हात नाही, नळी.”

“नळीच्या मागनं हातच येतुय. गेल्या साली माज्या म्हशीत एकानं असाच हात घातला. लई वढाताण केली. तिसऱ्या दिशी म्हस गेली. तुमी सुई द्या, बाई. सुई किती बी द्या.”

“नुसत्या सुईनं भागणार नाही. तुकडा आत आहे.”

“पडली की समदी! हितं, ह्या हातांनी उचलली. एवढी मोठी व्हती.” त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मासा पकडणारे दाखवतात तसे.

मी नोकरीत नवी होते, वय चोवीस आणि आवाज त्याहून लहान. ओरडून उपयोग नव्हता. मग मी म्हणाले, “ठीक आहे. वार खाली काढा. माझ्यासमोर पसरा. पुरी असली तर मी सुई देऊन जाते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. तुटकी असली तर मला धुवू द्यायचं.”

अंकुशराव विचारात पडले. सौदा म्हटलं की त्यांना नाही म्हणवत नसे. घोडीही तशीच आली होती. पण आता सगुणा पुढं झाली.

“न्हाई,” ती म्हणाली. “बांदल्याली वार खाली काढत न्हाईत. दूद जातं.”

“आत्ता तरी कुठं येतंय?” मी म्हणाले.

बोलून गेले आणि वाटलं, चुकलं. सगुणाचा चेहरा पडला. ती शिंगराकडे बघत राहिली. ते बिचारं पुन्हा कासेशी झटत होतं. काल संध्याकाळपासून तिनं त्याला बाटलीनं शेळीचं दूध पाजायचा खटाटोप केला होता. तिच्या पदरावर त्याचे डाग होते.

“मी बांदली ती वार,” ती म्हणाली. “माज्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून बांदली. म्हशीची गोणपाटात बांदतो. हिची लुगड्यात बांदली.”

तेव्हा मला कळलं की घोडी अंकुशरावांनी आणली असेल, पण होती ती सगुणाची.

“वैनी,” गुलाबभाई मधे पडले, “काढून ठेवायची न्हाई वो. बगायची. बगून झालं की मी सोता परत बांदतो. हाय तितंच, त्याच फांदीला.”

“तुमी चढणार?” सगुणानं त्यांना खालून वर न्याहाळलं.

“मग काय बाईंनी चढायचं? बाई पडल्या तर त्यांस्नी औषद कोन देनार? मला निस्तं जनावराचंच येतं.”

सगुणा हसली. हसली म्हणजे कबूल झाली. फक्त तिनं अट घातली की बघून झाल्यावर वार जशीच्या तशी, काही न सांडता परत जायला हवी. मी शब्द दिला.

गुलाबभाईंनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या सरकवल्या आणि पारंबीला धरून वर गेले. पन्नाशीच्या माणसाला इतकं सहज चढता येतं हे बघून कावळेही उडून गेले. हिरव्या चिंधीचं गाठोडं पानांत बरंच आत होतं. ते त्या पानांत शिरले ते बराच वेळ दिसेनात.

“काय झालं हो?” मी खालून ओरडले.

“गाठ लई पक्की हाय! वैनींनी बांदली का अंकुशरावाच्या सासऱ्यानं?”

“सावकाश!” सगुणा ओरडली.

“मुंग्या हाईत!” वरून आवाज आला. “काळ्या! आलो, आलो.”

गाठोडं दोरीनं खाली आलं, मागून गुलाबभाई आले, अंग खाजवत. गोणपाटावर मी ते उघडलं. वास असा की अंकुशरावांनी टोपी काढून नाकाला लावली. मी हातमोजे घातले, बादलीभर पाणी ओतून वार हळूहळू मोकळी केली आणि जमिनीवर पसरली.

“घोडीची वार पायजम्यासारखी असते,” मी सांगितलं. “हे कमरेचं तोंड, इथून शिंगरू बाहेर आलं. हे दोन पाय. एक लांब, एक आखूड.”

“शिंप्यानं घोळ घातलेला पायजमा,” गुलाबभाई म्हणाले.

“पायाच्या टोकाला भोक नसतं. दोन्ही टोकं बंद असायला हवीत. बहुतेक वेळा आखूड पायाचं टोक तुटून राहतं.”

मी आखूड पाय ताणला. टोक नव्हतं. तिथं फाटकी, काळपट कड होती. मनातून मी टाळ्या वाजवल्या. सर म्हणायचे तसंच! मग सवयीनं लांब पायही ताणला आणि माझ्या टाळ्या थांबल्या. त्याचंही टोक नव्हतं. तळहाताएवढा तुकडा गायब.

दोन्ही टोकं एकदम तुटतात असं पुस्तकात नव्हतं. सरांनीही सांगितलं नव्हतं. पण विटेचं वजन बांधायचं तरी पुस्तकात कुठं होतं? मी घसा साफ केला.

“दोन तुकडे आत आहेत,” मी शक्य तितक्या मोठ्या आवाजात म्हणाले.

अंकुशराव उकिडवे बसून बघत राहिले. त्यांनी एका बोटानं आखूड पाय उचलला, मग लांब पाय उचलला, आणि हळूच म्हणाले, “च्यायला त्या ईटंच्या.”

सगुणा मात्र वेगळ्याच हिशेबात होती. “म्हंजे मी आर्धी वार बांदली,” ती म्हणाली. “मग दूद कसं येनार? बाई, त्ये तुकडं काडा. त्ये बी ह्यात घालून बांदायचं.”

माझं शास्त्र आणि तिची रीत अशी एका जागी येऊन भेटली. मी वाद घातला नाही.

चुलवणावर मोठं पातेलं चढलं. उकळलेलं पाणी कोमट करून त्यात मोजून मीठ घातलं. मैनेची शेपूट स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाजूला बांधली, मागचा भाग साबणानं तीनदा धुतला. अंकुशरावांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि सगळा वेळ तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिले. मला त्यातला “फॅट” एवढा एकच शब्द ऐकू आला.

मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून नळी आत सरकवली. गुलाबभाईंनी नरसाळं उंच धरून पाणी ओतलं. चार तांबे, सहा तांबे, आठ. मग नरसाळं खाली केलं आणि पाणी उलट बादलीत यायला लागलं. चॉकलेटी, दाट, आणि वास असा की शेजारच्या म्हशींनी माना वळवल्या.

दुसरं पाणीही तसंच. तिसरं जरा पातळ. तिसऱ्याच्या शेवटी नळी अडली, मी ती जरा हलवली, आणि बदकन बादलीत काहीतरी पडलं. राखाडी, बुळबुळीत, सडलेला, बोटभर लांबीचा तुकडा. मी तो उचलून गोणपाटावर आखूड पायाच्या टोकाशी ठेवला. कडेला कड लागली.

“आयला!” अंकुशराव म्हणाले.

त्यांनी घोडीचं डोकं सगुणाकडे दिलं, जवळ येऊन तो तुकडा बघितला आणि माझ्याकडे बघून टोपी सारखी केली. गेल्या चार महिन्यांत मला मिळालेला तो पहिला सरकारी मान होता.

“आता दुसरा,” मी म्हणाले.

चौथं पाणी गढूळ आलं. पाचवं आणखी साफ. सहावं जवळजवळ विहिरीच्या पाण्यासारखं. दुसरा तुकडा काही येईना. मैना आता घामेजली होती, मागचे पाय थरथरत होते. किती वेळ तिला असं उभं ठेवायचं? थांबले आणि तुकडा आतच राहिला, तर उद्या पुन्हा ताप, परवा खूर, आणि अंकुशराव म्हणणार, हात घातला म्हणून मेली. थांबले नाही तर ती आत्ताच इथं बसेल. माझ्या मानेवरून घामाचा ओघळ चालला होता, आणि पासष्ट मार्कांपैकी एकही कामाला येत नव्हता.

“बाई,” गुलाबभाई म्हणाले, “पानी निवळ झालंय. बास की.”

“दुसरा तुकडा?”

“येखाद येळंस... विरगळला आसंल.”

“वारेचा तुकडा विरघळत नाही, गुलाबभाई. साखर आहे का ती?”

“मग पडंल सोताहून. उद्याच्याला.”

“उद्याला ही असायला हवी. पाणी घ्या.”

ते बादली घेऊन चुलवणाकडे गेले. तिथं जरा घुटमळले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, माणूस दमलाय. सातवं पाणी ओतलं, नरसाळं खाली केलं, स्वच्छ पाणी बादलीत आलं. गुलाबभाई बादलीवर ओणवे झाले.

“आला!” ते इतक्या जोरात ओरडले की शिंगरू पळालं. “बाई, आला बगा दुसरा!”

त्यांनी बादलीतून तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

तळहाताएवढा. तांबूस. कडेला जरासा वाळलेला. त्याला वास होता, पण उन्हाचा आणि पाल्याचा. एका बाजूला पेंढ्याची काडी चिकटली होती. आणि त्या काडीवरून, सात पाण्यांनी धुतलेल्या गर्भाशयातून नुकतीच बाहेर आल्यासारखी, एक काळी मुंगी चालली होती. तुरुतुरु.

मी मुंगीकडे बघितलं. मग गुलाबभाईंकडे. ते वडाकडे बघत होते.

एका क्षणात मला सगळं उमगलं. पानांमागे बराच वेळ का लागला, गाठ कशानं पक्की होती, पुस्तकात नसलेला दुसरा तुकडा कुठल्या फांदीवर फाटला. आधी संताप आला, असा की हातातला तुकडा त्यांच्या दाढीवर फेकावा. या माणसानं मला एका घोडीभोवती नाही त्या तुकड्यासाठी तासभर नाचवलं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ हायसं वाटलं. म्हणजे आत एकच तुकडा होता. तो आला होता. घोडी साफ होती.

अंकुशराव माझ्याकडे बघत होते. सगुणा बघत होती. मी काय म्हणते यावर त्यांचं सगळं अडलं होतं. खरं सांगितलं असतं तर गुलाबभाई त्या वस्तीवर पुन्हा तोंड दाखवू शकले नसते, आणि माझाही पहिला खरा तुकडा खोटाच ठरला असता.

“आला,” मी म्हणाले. “झालं. दोन्ही आले.”

सगुणानं दोन्ही तुकडे उचलून नेले. लांब पायाच्या टोकाशी दुसरा तुकडा ठेवताना ती थबकली.

“ह्याच्यावर मुंगी कुटली?”

“वडाखाली बसलोय, वैनी,” गुलाबभाई घाईघाईनं म्हणाले. “मुंग्या येनारच.”

सगुणानं मुंगी झटकली आणि गाठोडं बांधलं. गुलाबभाई पुन्हा वर चढले, या वेळी कण्हत. मी गर्भाशय आवळायचं इंजेक्शन दिलं, पेनिसिलीन दिलं, खुरांसाठी वेदनेचं औषध दिलं, आणि पुढच्या दोन्ही पायांना गार पाण्यात भिजवलेली गोणपाटं दर घटकेला बदलायला सांगितलं. अंकुशरावांनी विचारलं, “पेंड चारू?” मी म्हणाले, “म्हशींना चारा. हिला वाळलं गवत द्या.”

पुढचे दोन दिवस आम्ही रोज गेलो. रोज एकेकदा धुतलं, रोज पाणी आणखी साफ आलं. दुसऱ्या दिवशी ताप एकशे एकवर आला. तिसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर पोचलो तर मैना गवत चावत उभी होती, खूर गार, आणि शिंगरू तिच्या पोटाखाली मान घालून चुटचुट आवाज करत पीत होतं. त्याच्या ओठांवर फेस होता. सगुणा जवळच बसली होती. तिनं आधी शिंगराकडे आणि मग वडाकडे बोट दाखवलं. श्रेय कुणाला मिळालं ते स्पष्ट होतं. मी ते आनंदानं सोडून दिलं.

अंकुशराव म्हणाले, “आता इचारू द्या डेअरीवर. सांगतो, फॅट धा लागलं म्हून.”

या तीन दिवसांत मी गुलाबभाईंना एका शब्दानं विचारलं नव्हतं. पण सोडलंही नव्हतं. दवाखान्यात कोंबड्यांना लस टोचताना मी म्हणायची, “दुसरा तुकडा आला नसता, तर मी अजून धुतच बसले असते, नाही का हो?” ते म्हणायचे, “व्हय की.” एसटीत म्हणायची, “घोडीच्या पोटात मुंग्या असतात हे कॉलेजात शिकवलंच नाही.” ते खिडकीतून उसाची शेतं बघायचे. जेवताना त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशाकडे मी टक लावायची. खिशावर चॉकलेटी डाग पडला होता आणि त्यांनी त्यावर तंबाखूची चंची ठेवून तो झाकला होता.

तिसऱ्या दिवशी वस्तीवरून परतताना आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो. बाभळीची विरळ सावली, समोर पांढरा रस्ता, दुपारचे दोन.

“गुलाबभाई,” मी म्हणाले, “खिसा सोड्यानं धुवा. नुसत्या पाण्यानं जाणार नाही.”

मग त्यांनी चंची काढली, पुन्हा ठेवली.

“कवा वळखलंसा?”

“मुंगीनं सांगितलं.”

“मुंगी बी सरकारी निगाली म्हनायची,” ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. मलाही आलं. मग मी मुद्दाम आवाज कडक केला.

“हसू नका. मी तुमच्यामुळं त्या घोडीला चार पाणी जास्त दिलं. खाली पडली असती तर? वर गेल्यावर नुसता आखूड पाय बघितला असता तरी दिसलं असतं की टोक तुटलंय. फाडायची गरजच नव्हती.”

“कंचा आखूड आन् कंचा लांब, ते पायजम्याचं तुमी खाली सांगितलंसा. मी वर व्हतो तवा. मला काय म्हाईत? हाताला आलं त्ये टोक फाडलं.”

“पण का? अंकुशरावांना पटावं म्हणून?”

“तसं बी.”

“तसं बी म्हणजे?”

ते पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत राहिले. सव्वीस वर्षं जनावरं हाताळलेला, कुणाला न भिणारा तो माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच अवघडून बसला होता.

“बाई, खरं सांगू? मला वाटलं, तुमी चुकलाय.”

“काय?”

“अंकुशरावाची सव्वीस वर्सं वळख हाय. तो म्हनला समदी पडली, मला वाटलं, पडली आसनार. तुमी पुस्तकाचं बोलताय. आता वार खाली येनार, पुरी निगनार, आन् तुमी त्या समद्यांच्या म्होरं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “आदीच वस्तीवर बाईमानूस डॉक्टर म्हनून हसत्यात. पुन्यांदा कोन बोलावनार न्हाई तुमास्नी. पानी घालून जरा पिशवी धुतली तर घोडीचं काय वाकडं हुईत न्हवतं, आसं वाटलं. पर तुमची पत ग्येली आसती.”

मी तीन दिवस धरून चालले होते की या म्हाताऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवून, माझं म्हणणं दुसऱ्यांना पटावं म्हणून लबाडी केली. पण त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हताच. माझं चुकतंय असं धरून त्यांनी ती चूक झाडावर चढून खिशात घातली होती.

“म्हणजे मी चुकलेय असं वाटूनसुद्धा?” मी विचारलं.

“मग? चुकली तर चुकली पोरगी, म्हटलं. नवीन हाय. पर येकटीनं कशाला चुकायचं?”

मला रडू आलं. ऐन दुपारी, फाट्यावर, हातात औषधांची पेटी घेऊन. ते लपवायला मी उठून रस्त्यापर्यंत गेले आणि डोळ्यांवर हात धरून लांब बघू लागले.

“एसटी दिसते का बघते,” मी म्हणाले.

“बगा, बगा,” गुलाबभाई मागून म्हणाले.

एसटीला अजून पाऊण तास अवकाश होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.